ठेका कुणाचा, ट्रॅक कुणाचा?

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमध्ये प्रोड्यूसर नेमकं काय करतो आणि वादक-गायकांचं काम कुठून सुरू होतं, याबद्दल पुण्यातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा तासन् तास हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसतो आणि स्वतःला ‘म्युझिक प्रोड्यूसर’ म्हणवतो. मी भावगीतांच्या वाद्यवृंदात बरीच वर्षं पेटी वाजवली आहे. त्याला एक गत सलग वाजवता येत नाही. मग हा संगीतकार कसा? (वाचक, कोथरूड)

वाद्यवृंदात चाल एकाची, संयोजन दुसऱ्याचं, वादन दहा जणांचं आणि ध्वनिमुद्रण आणखी कुणाचं. घरी बसून ट्रॅक करणारा ही सगळी कामं एकटा करतो. शिवाय तुमच्याकडे कुणाच्याच वाट्याला न आलेलं एक काम त्याला करावं लागतं, ते म्हणजे वाद्य घडवणं. तुमच्या पेटीचे सूर कारागिराने घासून, लावून दिलेले होते. याला किक ड्रमचा (ठेक्यातल्या खालच्या, जड ढोलाचा) एक ठोकासुद्धा शून्यातून उभा करावा लागतो.

तो एक ठोकाच बघा. साधी साइन लहर घ्यायची. तिची कंप्रता सुरुवातीला २०० ते ३०० हर्ट्झ ठेवायची आणि ४०-५० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झच्या आसपास खाली आणायची. ही घसरण कानाला ‘ठप्’ अशी लागते. तिच्या तोंडाशी दोन-चार मिलिसेकंदांचा खरखरीत ‘टक्’ जोडायचा, नाहीतर फोनच्या स्पीकरवर ठोका गायबच होतो. मग प्रश्न येतो शेपटाचा, म्हणजे ठोक्यानंतर विरत जाणाऱ्या आवाजाचा. मिनिटाला १२८ ठोके या लयीत दोन ठोक्यांमध्ये ४६९ मिलिसेकंद असतात, त्याचे अर्धे २३४. हाउस या नाचाच्या संगीतप्रकारात बेस (खालच्या सुरांची साथ) पुष्कळदा या अर्ध्यावर पडतो. किकचं शेपूट ३०० मिलिसेकंदांचं असेल तर ते बेसच्या अंगावर चढतं आणि दोघं मिळून गढूळ होतात. नवखा प्रोड्यूसर अशा वेळी बेसचा आवाज वाढवत बसतो, म्हणजे गढूळपणा आणखी मोठ्याने ऐकू येतो. उपाय म्हणजे शेपूट २०० च्या आत आणणं. लय, कंप्रता आणि कालावधी एकत्र तोलून घेतलेला हा निर्णय सांगीतिकच आहे. बोटं पेटीवर नव्हती, एवढंच.

बांधणीचंही तसंच. १२८ च्या लयीत चार ठोक्यांचा बार १.८७५ सेकंदांचा होतो, म्हणजे ३२ बार बरोबर एक मिनिट. नाचणाऱ्याचं शरीर आठ-आठ बारांचे टप्पे नकळत मोजत असतं, म्हणून नवा थर आठ, सोळा किंवा बत्तीस बारांच्या सीमेवर आणतात. सुरुवातीला अर्धा-एक मिनिट नुसता ठेका असतो, कारण आधीच्या ट्रॅकवर हा ट्रॅक चढवायला डीजेला तेवढी जागा लागते. भावगीत ऐकणाऱ्याला ती जागा रिकामी वाटणारच.

एक जुनं उदाहरण घ्या. रोलंड टीबी-३०३ हे यंत्र १९८१ मध्ये आलं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकांना बेसची साथ मिळावी हा त्यामागचा हेतू. बेस गिटारसारखा आवाज काही त्यातून निघेना. १९८४ मध्ये उत्पादन थांबलं आणि यंत्रं स्वस्तात हातोहात फिरू लागली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून कारकीर्द घडवलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हेच यंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. तिकडे शिकागोत फ्यूचर या गटाने त्याच ३०३ वर एक छोटा स्वरसमूह फिरत ठेवला आणि वर फक्त फिल्टरच्या खुंट्या पिरगळत राहिले. १९८७ च्या त्यांच्या तबकडीने ॲसिड हाउस हा प्रकार रूढ केला. एकीकडे रागाची बढत होती, दुसरीकडे एकाच आवाजाच्या पोताची. यांतलं एक संगीत आणि दुसरं नुसतं बटणं दाबणं, अशी विभागणी आम्हाला पटत नाही.

मुलाची पारख मात्र जरूर करा, फक्त त्याला गत वाजवायला सांगू नका. प्रोजेक्ट उघडायला लावा आणि विचारा : किकचं शेपूट इतकंच का ठेवलं? तेहतिसाव्या बारला काय बदलतं आणि का? एकेक थर बंद करून दाखव, कुठला काढला तर फरकच पडत नाही? तयार लूप न वापरता दोन मिनिटांचं काही करून आण. विकत घेतलेल्या पॅकमधले तुकडे एकाखाली एक रचण्यापलीकडे काम गेलं नसेल तर या प्रश्नांवर तो अडखळेल. आणि त्याला गत येत नाही याचा तोटा होतच असणार, तो स्वरावलीत दिसेल. चार बारांच्या पुढे धून सरकत नसेल तर तिथे तुमची पंचवीस-तीस भावगीतं त्याच्या कामाची आहेत.

प्रश्न : मी तबला वाजवतो. १२८ लयीच्या ट्रॅकवर वाजवायला दोन प्रोड्यूसरांनी बोलावलं. क्लिक (कानात वाजणारा लयीचा ठोका) ऐकत नीट वाजवलं, पण तयार ट्रॅक ऐकला तर तबला वरवर तरंगतोय, कुठेच बसत नाही. चूक कुणाची? (तबलावादक, सिंहगड रस्ता)

बहुतेक वेळा चूक रेकॉर्डिंगच्या आधीच होऊन गेलेली असते. ‘काहीतरी भारतीय वाजवा’ एवढीच सूचना देऊन तीन मिनिटं रेकॉर्ड करायचं आणि नंतर त्यातले तुकडे कापायचे, ही पद्धत सर्रास चालते. ती आळशी पद्धत आहे. बसण्यापूर्वी प्रोड्यूसरकडून पुढच्या गोष्टी वदवून घ्या.

क्लिकच्या एका ठोक्यात किती मात्रा? केरवा एका बारात बसवायचा तर मिनिटाला २५६ मात्रा होतात, त्यात बोलांना श्वास उरत नाही. दोन बारांवर पसरला तर तोच ठेका डुलतो. त्रितालाचं एक आवर्तन एका ठोक्याला एक मात्रा धरून चार बारांत पुरं होतं आणि ट्रॅकच्या चौकटीत आपोआप बसतं. झपताल घेतला तर मात्र हिशोब करावा लागतो : दोन आवर्तनं म्हणजे पाच बार, आणि आठ बारांच्या टप्प्याशी सम जुळायला ४० बार, म्हणजे ७५ सेकंद लागतात. रूपकाला ५६ बार, १०५ सेकंद. हे जाणूनबुजून केलं तर सुंदर ताण तयार होतो. नकळत झालं तर तुम्ही म्हणता तसा तबला तरंगतो.

दुसरं कारण यांत्रिक आहे. तुम्ही वाजवलेलं हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येत असेल तर हात नकळत पुढे पळतो. ४८ किलोहर्ट्झवर बफर (संगणक एका वेळी साठवतो ते आवाजाचे नमुने) १०२४ असेल तर एका दिशेचाच विलंब २१ मिलिसेकंद होतो. बफर १२८ ठेवला की तो २.७ वर येतो. प्रोजेक्टमध्ये जड इफेक्ट लावलेले असतील तर ते रेकॉर्डिंगपुरते बंद करायला सांगा. इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्रावर) थेट मॉनिटरिंगची सोय असेल तर सगळ्यात उत्तम.

तिसरं, रेकॉर्डिंगनंतरचं ‘सरळ करणं’. प्रत्येक आघात ग्रिडवर (लयीच्या आखीव रेघांवर) शंभर टक्के ओढला की तिरकिटची अंगची चाल मरते, कारण त्यातली अक्षरं मुळात समान अंतरावर नसतात. समेचा आणि टाळीचा आघात तेवढा जागेवर आणावा, बाकीच्यांना ४०-५० टक्क्यांच्या वर हात लावू नये. लय बदलण्यासाठी रेकॉर्डिंग ताणलं तर पहिला बळी डग्ग्याच्या घसीटीचा (तळवा सरकवून काढलेल्या घुमाऱ्याचा) जातो. आघातांवर तुकडे करणाऱ्या पद्धतीत ती घसीट मध्येच कापली जाते. लयीत मिनिटाला दहा-बारा ठोक्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा वाजवणं हाच मार्ग.

चौथं कारण डग्गा आणि किक यांची टक्कर. दोघंही खालच्या पट्टीत राहतात. प्रोड्यूसरने कुणाला जागा द्यायची ते ठरवायचं. डग्गा ९०-१०० हर्ट्झच्या खाली कापला तर घसीट शिल्लक राहते आणि किकला वाट मिळते. किंवा ज्या चार बारांत डग्गा बोलणार आहे तिथे किकच काढायची. तबल्यावर साइडचेन कॉम्प्रेशन (किक पडताच तबल्याचा आवाज आपोआप दाबणं) लावायचं तर दोन-तीन डेसिबल पुरे. त्याहून जास्त लावलं की प्रत्येक ठोक्याला तबला दचकल्यासारखा वाटतो.

तुमच्या हातात काय आहे? तबला ट्रॅकच्या षड्जात लावणं. त्यासाठी प्रोड्यूसरकडून आधीच पट्टी विचारा आणि लावताना ट्यूनर समोर ठेवा. पावसाळ्यात पुण्याच्या दमट खोलीत पुडी उतरते, तेव्हा दर दहा-पंधरा मिनिटांनी तपासा. एसी लावला की ती पुन्हा वेगळी वागते. दायाँवर छोटा कंडेन्सर माइक वीस-तीस सेंटिमीटर वरून, डग्ग्याला वेगळा डायनॅमिक, पातळीचा कमाल बिंदू -१२ ते -६ डेसिबल. पंखा बंद. शेवटी सुटे बोलही देऊन ठेवा : ना, तीं, धा, गे, कत्, प्रत्येकी सहा-सात वेळा, हलके-मध्यम-जोरदार. प्रोड्यूसरला नंतर एखादा आघात बदलायचा झाला तर तो परक्या पॅकमधला घेणार नाही.

आणि एक गोष्ट तुम्हीच सुचवा : ड्रॉपच्या (थांबलेला ठेका पूर्ण जोराने परत येतो त्या क्षणाच्या) तोंडावर तिहाई. पाच-पाच मात्रांची बेदम (मध्ये न थांबणारी) तिहाई, जिचा शेवटचा धा समेवर पडतो, ती त्रितालात तिसऱ्या मात्रेपासून उचलावी लागते. १२८ च्या लयीत ती ड्रॉपच्या साडेसहा सेकंद आधी, चार बारांतल्या पहिल्या बारच्या तिसऱ्या ठोक्यावर सुरू होते. तिथून पुढे किक काढून टाकायला सांगा. शेवटचा धा आणि परत आलेली किक एकाच क्षणी पडू द्या. मशिनचा सरधोपट स्नेअर रोल त्याच्यासमोर फिका पडतो.

प्रश्न : कीबोर्ड अजिबात येत नाही. प्रोड्यूसर होता येईल का? (विद्यार्थी, नऱ्हे)

येईल. स्वर माउसने पियानो रोलमध्ये मांडता येतात, आणि टेक्नोचे कितीतरी ट्रॅक दोन-तीन स्वरांतच उभे असतात. पण कान हवा. एखादी ओळ ऐकून तिचे स्वर षड्जाच्या हिशोबात सांगता यायला हवेत. ते येत नसेल तर जुनी पेटी मिळवा आणि रोज वीस मिनिटं ऐकलेली धून शोधून वाजवा. माउसने मांडताना नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे सगळ्या स्वरांचा जोर सारखा ठेवणं. मिडीत (संगणकाला स्वर सांगण्याच्या पद्धतीत) जोर ० ते १२७ असा मोजतात. सगळे १०० वर ठेवले की हाय-हॅट टाइपरायटरसारखा वाजतो. ठोक्यांमधले ६०-७० वर उतरवा, काही दहा मिलिसेकंद मागे सरकवा.

प्रश्न : शास्त्रीय गाते, पट्टी काळी एक. एका ट्रॅकसाठी तानपुऱ्यावर आलाप गायले. सिंथेसायझरचे कॉर्ड्स आल्यावर सगळं किंचित बेसूर लागतं. प्रोड्यूसर म्हणतो, ‘ट्यूनर बरोबर दाखवतोय.’ शिवाय ‘काळी एकमध्ये बेस लागत नाही, पट्टी बदला’ असंही म्हणाला. (गायिका, कर्वेनगर)

दोघंही खरं बोलताय.

तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा षड्जाचा पाचवा स्वरांश. षड्जापासून तो ३८६ सेंटवर असतो (एका सप्तकाचे १२०० सेंट), तर सिंथेसायझरच्या समान विभागलेल्या सप्तकातला गंधार ४०० सेंटवर. फरक १४ सेंटचा. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ धरला तर तानपुऱ्यातला गंधार ६९३ हर्ट्झला वाजतो आणि सिंथचा ६९८.५ ला. दोघं एकत्र आले की सेकंदाला पाच-साडेपाच वेळा आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. तुम्हाला खटकतं ते हेच. ट्यूनर षड्ज दाखवतो, स्वरांश दाखवत नाही. मैफलीत हे स्वरांश मंद असतात. ट्रॅकमध्ये तानपुऱ्यावर कॉम्प्रेसर लावला की ते पुढे येतात आणि भांडण उघड्यावर पडतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आलापाखालच्या पॅडमधून (सिंथच्या लांबवलेल्या कॉर्ड्समधून) गंधार काढणं. षड्ज-पंचम पुरेत, पंचमात फरक फक्त दोन सेंटचा आहे. गंधार हवाच असेल तर सिंथमध्ये तो स्वर १४ सेंट खाली लावायचा. बऱ्याच सॉफ्टवेअर सिंथमध्ये स्काला फाइल (स्वरांची अंतरं सांगणारी फाइल) घालून हे होतं आणि एबलटन लाइव्ह या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरच्या बाराव्या आवृत्तीपासून सप्तक बदलण्याची सोय आतच आहे. राग कोमल गंधाराचा असेल तर गाठ आणखी घट्ट : पॅडमध्ये कोमल गंधार लांबवला तर तो स्वयंभू गंधाराला सरळ भिडतो. अशा वेळी तानपुऱ्याची ५००-६०० हर्ट्झच्या वरची बाजू फिल्टरने मऊ करावी, किंवा कॉर्ड वाजतो तेवढ्या बारांत तानपुरा थांबवावा.

बेसचं गणित असं. काळी एकचा खालचा षड्ज ३४.६ हर्ट्झ. पुष्कळ हॉल आणि क्लबमधले सबवूफर ४० च्या खाली झपाट्याने दम सोडतात. एक सप्तक वर गेलं की ६९ हर्ट्झ, ते नाचायच्या बेससाठी जरा उंच. काळी चारचा ५१.९, काळी पाचचा ५८.३, म्हणून प्रोड्यूसरना या पट्ट्या आवडतात. पण यासाठी गायिकेची पट्टी बदलणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. काळी एकचा पंचम नेमका ५१.९ हर्ट्झला येतो. बेस पंचमावर उभा करायचा, षड्जाला अधूनमधून स्पर्श करायचा आणि वर एक सप्तकाचा थर चढवायचा. रेकॉर्ड झालेला आवाज एक-दीड स्वर सरकवण्याचा आग्रह झाला तर नकार द्या. सॉफ्टवेअर आवाज सरकवेल, पण मींडेचा वेग आणि आकाराची गोलाई बिघडते.

स्वरदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरबद्दलही हेच. बारा स्वरांच्या खाचांत आवाज बसवणारं हे तंत्र आंदोलन आणि मींड यांना चूक समजतं आणि पायऱ्या पाडतं. दुरुस्ती हवीच असेल तर लांबवलेले स्वर तेवढे हाताने निवडून करायला सांगा, मींडेच्या जागी ती पूर्ण बंद. इफेक्ट म्हणूनच तुटक आवाज हवा असेल तर गोष्ट वेगळी. पण ते तुम्हाला आधी सांगितलेलं असावं.

प्रश्न : मी प्रोड्यूसर आहे. बासरीवाल्याला एकदा मानधन दिलं. ट्रॅक चालल्यावर तो म्हणतो, धून माझी. त्याला आता काय देणं लागतो? पुढच्या वेळी काय लिहून घ्यावं? (प्रोड्यूसर, विमाननगर)

त्याने काय वाजवलं यावर अवलंबून आहे. तुम्ही मिडीत मांडून दिलेली ओळ त्याने बासरीवर वाजवली असेल तर तो कलावंत म्हणून त्या सादरीकरणाचा धनी आहे. तुम्ही नुसते कॉर्ड्स दिले आणि ज्या चार बारांमुळे ट्रॅक ओळखला जातो ते त्याला सुचले असतील, तर तो सहसंगीतकार आहे. स्वरलिपी कुणी लिहिली हा मुद्दाच येत नाही. लिहून ठेवो वा न ठेवो, चाल रचणारा तो संगीतकार, असं कायदा स्पष्ट म्हणतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हे हक्क वेगवेगळे आहेत. ध्वनिमुद्रण घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा त्या मुद्रणाचा निर्माता. त्याचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. संगीतरचनेचा हक्क संगीतकाराचा, त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. सादर करणाऱ्याचे हक्क ५० वर्षं, आणि सादरकर्ता म्हणून नाव लागण्याचा हक्क त्याला वेगळा आहे. घरून ट्रॅक करणाऱ्या प्रोड्यूसरकडे बहुधा पहिले दोन्ही असतात. म्हणूनच तिसरा कुणाकडे आहे आणि दुसऱ्यात वाटेकरी आहे का, याकडे त्याचं दुर्लक्ष होतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सहीने सोडून देता येत नाही. ‘एकरकमी सगळे हक्क’ अशी छापील ओळ त्यापुढे टिकत नाही.

हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. कागद एक पानाचा पुरतो : ट्रॅकचं कामचलाऊ नाव, तारीख, कोण काय वाजवणार, धून कुणाची, रचनेत टक्केवारी किती, मानधन किती आणि कधी, नाव कुठे आणि कसं छापायचं. एक वाक्य वेगळं घाला : या रेकॉर्डिंगचे तुकडे लूप-पॅक म्हणून विकायचे किंवा एआय प्रशिक्षणाला द्यायचे झाले तर नवी परवानगी आणि नवं मानधन. सही रेकॉर्डिंगच्या दिवशी, माइक लावायच्या आधी. ट्रॅक चालायला लागल्यावर टक्केवारीची चर्चा कधीच गोड होत नाही. रचनेत वाटा ठरला असेल तर दोघांनीही आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घेऊन तोच वाटा तिथे नोंदवावा.

हे न झाल्याचं जगातलं मोठं उदाहरण म्हणजे १९६९ मध्ये विन्स्टन्स या अमेरिकी बँडचे ड्रमर ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेले चार बार. त्या सहा-सात सेकंदांवर जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे प्रकार उभे राहिले. कोलमन यांना त्याची रॉयल्टी मिळाली नाही. तुमच्या बासरीवाल्याच्या बाबतीत चार बार त्याचेच असतील तर आत्ताही लेखी वाटा देता येतो. तो द्या आणि श्रेयात नाव दुरुस्त करून घ्या.

प्रश्न : स्टेजवर डीजे नुसतं प्ले दाबतो का? आणि सतारवादकाला सोबत घेऊन लाइव्ह करायचं तर काय लागेल? (दोन वाचक, औंध आणि हडपसर)

डीजेचं काम दुसऱ्यांचे ट्रॅक निवडणं आणि जोडणं. प्रोड्यूसर चांगला डीजे असेलच असं नाही आणि उलटही नाही. आतषबाजीशी जुळवलेले मोठे कार्यक्रम पुष्कळसे आधी बांधलेले असतात, त्यात हाताला फार काम नसतं. छोट्या जागेत, समोरची गर्दी बघून पुढचा ट्रॅक काढणाऱ्या डीजेला मात्र क्षणाची उसंत नसते. जाता जाता : पेन ड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेले आणि एकसारखे दोन न्या, जुने प्लेअर काही नवे फॉरमॅट वाचत नाहीत.

सतारीसाठी किमान चार आउटपुटचा इंटरफेस घ्या. दोन प्रेक्षकांसाठी, एक क्लिकला, एक तानपुऱ्याला. क्लिक आणि तानपुरा फक्त वादकाच्या कानात जातील. स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून क्लिक दिला तर तो माइकमधून प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. सतारीला पिकअप हवाच. नुसत्या माइकवर भिस्त ठेवली तर सबवूफरची थरथर भोपळ्यातून आत शिरते आणि घुमणारा फीडबॅक सुरू होतो. १०० हर्ट्झच्या खाली कापा आणि वादकाला सबवूफरपासून लांब, जमलं तर जाड गादीच्या चौथऱ्यावर बसवा. बफर २५६, वायफाय बंद, लॅपटॉपला चार्जर लावलेला. ड्रॉपमध्ये सतार ऐकू येत नाही म्हणून तिचा आवाज वाढवू नका. तिथे सिंथची ओळ काढा, नाहीतर वादकाला त्या १६ बारांत थांबू द्या.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर वेळ आधी बघा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे, अपवाद सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या रात्रींचा. सतार लावायला आणि साउंडचेकला पाऊण तास गेला तर तो तुमच्याच वेळातून जातो.

प्रश्न : ढोल-ताशा पथकाचा आवाज ड्रॉपमध्ये घ्यायचाय. नदीपात्रात सरावाच्या वेळी जाऊन रेकॉर्ड करावं का? (प्रोड्यूसर, सदाशिव पेठ)

वातावरणासाठी करा, ड्रॉपसाठी नको. पथकाची लय ताशावर चढत जाते, तीच त्याची मजा. पण १२८ च्या ग्रिडवर ती ओढली की झांज फाटते. पथकप्रमुखांना विचारून पंधरा-वीस मीटरवरून साध्या रेकॉर्डरने दहा मिनिटं घ्या आणि ब्रेकडाउनमध्ये (ठेका थांबतो त्या भागात) वापरा.

ड्रॉपसाठी एक ढोल, एक ताशा आणि एक झांज क्लिकवर वेगवेगळं रेकॉर्ड करा. पन्नास ढोलांचा भास हवा म्हणून एकच रेकॉर्डिंग कॉपी करून पुढे-मागे सरकवू नका, त्याने आवाज पोकळ आणि नळीतून आल्यासारखा होतो. सहा-आठ वेळा नव्याने वाजवून घ्या, मध्ये वादक आणि ढोल बदला, पानाचा ताणही थोडा कमी-जास्त करा. ढोल चालू असताना किकची शेपटी काढून नुसता ‘टक्’ ठेवा. ताशा आला की हाय-हॅट बंद, दोघांची जागा एकच आहे. झांज सगळ्यात शेवटी आणि माइकपासून दीड-दोन मीटर लांब उभं राहून वाजवून घ्या. जवळून घेतलेल्या झांजेची धार नंतर कुठल्याच फिल्टरने पुरती जात नाही.